शिबिरप्रमुखाची वही

मी कॉलेजात एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घातलं ते सवलतीच्या गुणांची कुजबुज ऐकून. समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. त्यामुळे तुम्हीही त्याच कारणाने आला असाल तर लाजू नका.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं एक विशेष शिबिर, एवढं केलं की प्रमाणपत्र हातात. खरं सांगायचं तर तास भरणं सोपं आहे; रॅलीत बॅनरचं एक टोक धरून चाललं तरी भरतात. शिबिरात मात्र अंग चोरता येत नाही.

दुसऱ्या वर्षी मी शिबिरप्रमुख झालो. मला हवा होता माईक. उद्घाटनाला सूत्रसंचालन केलं, दोन चारोळ्या टाकल्या, सरपंच हसले, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या आडव्या रचायच्या. आम्ही जोशात गोण्या गच्च भरल्या. काठावर बसलेले एक आजोबा बराच वेळ गंमत बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरांनो, थोडी रिकामी ठेवा की. गच्च भरलेली गोणी बसत नाही, गडगडते." अर्धी रांग उपसून पुन्हा रचली. गावात गेल्यावर आधी विचारायचं, हे मला कुठल्याही बौद्धिक सत्रात कळलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी भांडण. कामाची यादी मीच केली होती. आमच्या गटातली एक मुलगी ती सगळ्यांसमोर वाचून म्हणाली, "यात स्वयंपाकाला एकाही मुलाचं नाव नाही आणि बंधाऱ्यावर एकाही मुलीचं. हे तू ठरवलंस की आपोआप झालं?" आपोआपच झालं होतं, आणि तेच जास्त वाईट. रात्री कंदिलापाशी बसून नवी यादी केली, यावेळी तिला सोबत घेऊन. मुलांना पोळ्या येईनात, त्यामुळे पुढचे तीन दिवस रात्री खिचडी. कुरकुर झाली, पण यादी कोणी फाडली नाही.

तुम्हाला पद मिळालं तर खरेदी आणि हिशेब स्वतःकडे घ्या. कोणालाच नको असतात, त्यामुळे लगेच मिळतात. पन्नास पोरांना सात दिवस जेवू घालायला तांदूळ किती लागतो, हे सांगता आलं की मुलाखतीत ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ असं वेगळं म्हणावं लागत नाही. आणि पावती जागच्या जागी घ्या. आठवडी बाजारातल्या भाजीच्या पावत्या मी घेतल्याच नव्हत्या. शिबिर संपल्यावर एसटीने परत जाऊन त्या मावशींचा व्हाउचरवर अंगठा घेतला. त्यांनी वर दोन जुड्या मेथी दिली.

सरांनी वही तपासली तेव्हा चौदा रुपयांचा फरक निघाला. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "पैसे नकोत, फरक शोध."

दोन दिवसांनी सापडला. प्रभातफेरीच्या चहाचा गूळ.