विजेचा प्रेशर कुकर घेण्यापूर्वी

विजेचा कुकर घ्यावा की नाही, हे ठरवण्यापूर्वी आपल्या कुकरमध्ये आठवडाभर नेमके काय शिजते, ते लिहून काढावे. राजमा, छोले, मटण असे वेळखाऊ पदार्थ वारंवार होत असतील आणि शिट्ट्या मोजत गॅसजवळ थांबणे शक्य नसेल, तर हा कुकर खरोखर उपयोगी पडतो. रोजचा वरणभातच लावायचा असेल, तर मात्र घाई करू नये. गॅसवरच्या कुकरमध्ये दाब साधारण 100 किलोपास्कल असतो, विजेच्या कुकरमध्ये तो बहुधा 70 ते 80 असतो, त्यामुळे तूरडाळीला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो.

खरेदीला जाताना घरातले कुकरचे डबे सोबत न्यावेत आणि ते आतल्या भांड्यात बसतात का, हे पाहावे. काही भांड्यांचा तळ मधोमध किंचित उंच असल्याने चमचाभर तेल कडेला सरकते आणि मोहरी नीट तडतडत नाही. म्हणून फोडणी मी अजूनही कढल्यातच करते. झाकणाच्या सिलिकॉनच्या रिंगेत मटणाचा वास राहतो, तेव्हा खिरीसाठी दुसरी रिंग घ्यावी. वीज वारंवार जात असेल, तर गॅसवरचा कुकर मोडीत काढू नये.