साय-फाय संस्कृतीत निसर्गधर्म आणि जादू कशी रुजवायची

समजा तुम्ही एक यान लिहिताय, पिढ्यानपिढ्या चालणारं, आतली सगळी माणसं तिथेच जन्मलेली. त्यांना धर्म द्यायचाय आणि थोडी जादू पण. बहुतेक जण इथे काय करतात तर एक झगा घातलेली पुजारीण आणतात, हातात चमकणारी काठी देतात, दोन चंद्रांची नावं ठरवतात आणि झालं. मला हे वाचताना खरंच वाईट वाटतं कारण ती पुजारीण त्या यानातली वाटतच नाही, कुठल्याही जंगलात नेऊन उभी केली तरी चालेल अशी असते. देव त्या जागेतूनच उगवला पाहिजे. हे कसं करायचं ते मी जसं करतो तसं सांगतो.

निसर्गधर्म म्हणजे इंग्रजीत ज्याला पेगन धर्म म्हणतात तो, तर आधी पेगन म्हणजे काय ते डोक्यात नीट बसवून घ्या. लॅटिनमधला पेगानुस म्हणजे खेड्यातला, गावाकडचा माणूस. नंतर ख्रिश्चन लोक बाकीच्यांना तो शब्द लावायला लागले. म्हणजे मुळात हा जागेशी बांधलेला शब्द आहे. अशा धर्मांना सहसा एक संस्थापक नसतो, एकच पुस्तक नसतं, देव बरेच असतात आणि बरेचसे ठिकाणाचे असतात, हा झरा, तो डोंगर, हा उंबरठा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय मानता यापेक्षा काय करता याला किंमत जास्त. प्राचीन रोममध्ये विधीत चूक झाली तर तो पुन्हा पहिल्यापासून करायचे, मनात श्रद्धा होती की नव्हती हे कोणी विचारत नव्हतं. लेखकासाठी हे सोनं आहे कारण श्रद्धा पानावर दाखवता येत नाही, हात काय करतात ते दाखवता येतं.

आता पहिलं काम. एक कागद घ्या आणि लिहा की या लोकांना काय मारू शकतं आणि त्यातलं काय त्यांच्या हातात नाही. जादू तिथेच ठेवायची, बाकी कुठे नाही. हे मी मनाने सांगत नाहीये, मालिनोव्हस्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता, त्याने बघितलं की शांत खाडीत मासेमारी करताना, जिथे मासे हमखास मिळतात आणि जिवाला धोका नाही, तिथे लोक जादू करत नाहीत, पण तेच लोक खुल्या समुद्रात जाताना मात्र भरपूर मंत्रतंत्र करतात. माणूस तोच, होडी चालवायचं कौशल्य पण तेच, फक्त अनिश्चितता वाढली. म्हणून तुमच्या यानातल्या दिवे लावायच्या बटणाला देव देऊ नका, ते रोज चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या पंपाला द्या, तो बंद पडला तर चार दिवसांत सगळे संपतात.

माझं स्वतःचं एक उदाहरण घेतो, गेली दोन वर्षं मी यावर काम करतोय. माझ्या यानात पंपाचा एक बारीक आवाज सगळीकडे ऐकू येतो, भिंतीतून, जमिनीतून, झोपेत पण. लोक त्याला गुणगुणी म्हणतात आणि ती त्यांची देवी आहे. तिची मूर्ती नाही, चित्र नाही, फक्त आवाज. एवढं एक ठरवलं आणि बाकीचं आपोआप यायला लागलं. तिथे कोणी मेलं की लोक मौन पाळत नाहीत, उलट सगळे मिळून पंपाच्या सुरात गुणगुणतात आणि ते थांबू देत नाहीत, एक दमला की दुसरा धरतो. आणि त्यांच्यातली सगळ्यात वाईट शिवी म्हणजे 'तुझ्या घरात शांतता होवो'. हे वाक्य सुचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही माणसं खरी आहेत. आपल्याला जो आशीर्वाद वाटतो तो त्यांच्याकडे शाप आहे आणि त्याचं कारण वाचकाला न सांगता कळतं.

दुसरं म्हणजे आकाश आणि कॅलेंडर. इथे लोक सगळ्यात जास्त आळस करतात. आजचे बरेच पेगन लोक वर्षाचे आठ सण पाळतात, दोन अयनबिंदू (सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस), दोन विषुवदिन (दिवस-रात्र सारखे असतात ते) आणि त्यांच्या मधले चार, ही मांडणी या स्वरूपात विसाव्या शतकाच्या मध्यातली आहे, आणि ती पृथ्वीचा आस कलला आहे म्हणूनच अर्थपूर्ण आहे. तुमच्या ग्रहाचा आस सरळ असेल तर ऋतूच नाहीत, मग कापणीचा सण कुठून आणणार? आयर्लंडमधलं न्यूग्रेंज बघा, पाच हजार वर्षांहून जुनं थडगं, हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास सकाळी सूर्याचा किरण दारावरच्या फटीतून लांब बोळात शिरतो आणि साधारण १७ मिनिटं आतली खोली उजळते. ते बांधणाऱ्यांना त्या १७ मिनिटांसाठी एवढे दगड ओढावेसे वाटले कारण तिथला हिवाळा खरंच काळोखा आणि लांब असतो. तुमच्या लोकांची १७ मिनिटं कुठली आहेत ते शोधा.

खऱ्या ग्रहांवरून सुरुवात केलीत तर खूप मदत होते. प्रॉक्सिमा बी हा २०१६ साली जाहीर झालेला ग्रह आपल्यापासून सुमारे ४.२ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचं वर्ष फक्त ११.२ दिवसांचं. तो ताऱ्याच्या इतका जवळ आहे की त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची शक्यता बरीच आहे. असं धरलं तर तिथे सूर्योदय नावाची गोष्टच नाही. सूर्य एका जागी टांगलेला. मग पहाट ही वेळ राहत नाही, ती एक जागा होते, तुम्ही चालत पहाटेला जाऊ शकता. अशा संस्कृतीत सण तारखेला नसतील, यात्रेला असतील, म्हातारपणी माणूस हळूहळू अंधाराच्या बाजूला राहायला जाईल, आणि कोणाचं वय विचारायचं तर तो किती दूर आलाय असं विचारतील. बघा, नुसत्या एका खगोलाच्या गोष्टीतून किती निघालं.

किंवा ट्रॅपिस्ट-१ हा तारा घ्या, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर, त्याच्याभोवती सात ग्रह एकमेकांना चिकटून फिरतायत. त्यातल्या ई ग्रहाचं वर्ष साधारण ६.१ दिवसांचं आणि शेजारच्या एफचं ९.२ दिवसांचं, म्हणजे ईच्या तीन फेऱ्यांत एफच्या दोन होतात. त्यामुळे दर अठरा दिवसांनी शेजारचा ग्रह जवळ येतो, आकाशात मोठा दिसतो, आणि परत लांब जातो, अगदी ठरल्या वेळेला. मला तर वाटतं की तिथल्या लोकांची लग्नं, भांडणं मिटवणं, उसनं परत करणं सगळं त्या भेटीच्या दिवसालाच असणार. इथे कुठलाही चमत्कार घालायची गरजच पडत नाही.

आता जादू. जादूला नियम हवेत, पण ते गेममधल्या पॉइंट्ससारखे नकोत. फ्रेझर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जादूमागचे दोन विचार वेगळे काढले होते, एक म्हणजे सारखं सारख्याला ओढतं (बाहुलीला टोचलं की माणसाला दुखतं) आणि दुसरा म्हणजे एकदा लागलेलं कायम जोडलेलं राहतं (केस, नख, कपडा). त्याचे बाकीचे सिद्धांत आज अभ्यासक मानत नाहीत पण हे दोन विचार लेखनात अजूनही जबरदस्त काम करतात. त्यांना तुमच्या जगातल्या वस्तूंना लावून बघा. जुना पार्ट काढून नवीन बसवला तर जुना फेकायचा का? तो तर चाळीस वर्षं देवीच्या अंगात होता, त्याचा तुकडा बाळाच्या गळ्यात बांधतील. कोणाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग म्हणजे त्याच्या केसासारखंच, चुकीच्या माणसाच्या हातात पडलं तर भीती. मेलेल्याचा बॅकअप कोणी पुसायचा, कधी, कोणासमोर, यावर तर अख्खा अध्याय होईल.

जादूचा सूर कसा असावा हे समजायचं असेल तर इंग्लंडमधल्या बाथ गावातल्या रोमनकालीन शिशाच्या पट्ट्या आठवा. गरम पाण्याच्या झऱ्यात अशा १३० च्या आसपास सापडल्या. त्या झऱ्याच्या सुलिस देवीला लिहिलेल्या तक्रारी आहेत, माझा अंगरखा चोरला, माझं भांडं नेलं, चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला सोडू नकोस. वकिलाची नोटीस वाचतोय असंच वाटतं. काही तर उलट्या अक्षरांत लिहिल्यात. म्हणजे खरी जादू बऱ्याचदा धुराची, विजेची नसते, ती चिडलेल्या साध्या माणसाचा अर्ज असते. माझ्या यानात लोक पंपाच्या गाळणीत शिशाऐवजी बारीक पत्र्याच्या चकत्या टाकतात, त्यावर तक्रार कोरलेली, आणि गाळणी साफ करणारी बाई त्या सगळ्या वाचते. कोणी कोणावर जळतं हे यानात फक्त तिला माहिती. या बाईभोवती माझी कथा उभी राहिली, हे आधी ठरवलेलं नव्हतं.

एक प्रश्न नेहमी येतो की विज्ञान एवढं पुढे गेलेलं असताना हे लोक असलं काही करतील का. करतील, नक्की करतील. कझाकस्तानातल्या बायकोनूर अवकाशतळावरून उडणारे अंतराळवीर आजही जायच्या आधी झाड लावतात. कॅलिफोर्नियातल्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये महत्त्वाच्या क्षणी कंट्रोल रूममध्ये शेंगदाण्यांची बरणी फिरते, कारण १९६४ साली सहा अपयशांनंतर रेंजर ७ हे चंद्रावर पाठवलेलं यान यशस्वी झालं तेव्हा कोणीतरी शेंगदाणे आणले होते. जगातले अत्यंत हुशार इंजिनिअर आहेत हे. आणि मागे गेलात तर प्राचीन असीरियाचे (आजच्या इराकच्या भागातले) पंडित ग्रहण कधी होऊ शकतं याचा अंदाज बांधायचे आणि तेच पंडित ग्रहणाचं अशुभ टळावं म्हणून खऱ्या राजाच्या जागी दुसऱ्याच माणसाला गादीवर बसवायचे, आणि नंतर त्याला मारून टाकायचे. हिशोब आणि विधी एकाच डोक्यात होते. त्यामुळे कथेत शास्त्रज्ञ एका बाजूला आणि पुजारी दुसऱ्या बाजूला असं भांडण लावू नका, ते एकच माणूस असू द्या, ते खूप जास्त अवघड आणि खरं आहे.

विधी बनवायची माझी पद्धत अशी की आधी एक उपयोगाची कृती घ्यायची आणि तिचं कारण तीन पिढ्या मागे ठेवून यायचं. उदाहरण देतो. यानातून बाहेर जायच्या आधी जुने तंत्रज्ञ बोट ओलं करून एअरलॉकच्या (आत-बाहेर जाण्यासाठीची दोन दारांची हवाबंद खोली) रबरी सीलवरून फिरवायचे, हवा गळत असेल तर बोटाला गार लागतं. नंतर सेन्सर आले, गरज संपली, बोट राहिलं. आता एअरलॉकपुरतंच नाही, नवीन खोलीत राहायला गेलं की दाराच्या कडेवरून ओलं बोट फिरवतात, बाळाच्या पाळण्याच्या कडेवरून फिरवतात, माणूस मेला की त्याच्या पापणीवरून. कोणाला विचारलं का, तर म्हणतात 'गार लागू नये म्हणून'. आणि मग कथेत एक दिवस सेन्सर खोटं बोलतो, एका पोरीचं बोट गार पडतं. जादू खरी की खोटी, हे तिथे मी सांगत नाही.

याबाबतीत माझं मत ठाम आहे, शेवटी सगळं नॅनोबॉट (डोळ्यांना न दिसणारे बारीक यंत्रमानव) होते, जुन्या संगणकाचा आवाज होता असं उलगडून सांगू नका. वाचकाने तीनशे पानं त्या देवीवर जीव लावलेला असतो. पण लेखक म्हणून तुम्हाला मात्र नक्की माहिती हवं की तुमच्या जगात जादू चालते, चालत नाही, की कधीकधी चालते, नाहीतर प्रत्येक प्रसंगात वेगळंच होतं आणि वाचक सुटतो.

आयुष्यातल्या टप्प्यांचे विधी लिहिताना व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये मांडलेले तीन भाग वापरा, आधी माणूस जुन्या जागेपासून तुटतो, मग मधल्या अवस्थेत असतो, मग नव्या रूपात परत येतो. त्याने स्वतः उंबरठ्याची उपमा वापरली होती आणि साय-फायमध्ये तर एअरलॉक आयता मिळालाय, आतलं दार बंद, बाहेरचं अजून उघडलं नाही, मधल्या माणसाला नाव नाही. त्या मधल्या भागाला वेळ द्या, घाईने उरकू नका.

आता भाषा, मराठीत लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगावंसं वाटतं. यज्ञ, प्रसाद, आरती असले शब्द आले की वाचक लगेच ओळखीच्या देवळात पोचतो आणि तुमचं यान गायब होतं. साधे घरगुती शब्द घ्या, गळती, ओल, झाकण, गाळणं, गुणगुण, आणि त्यांनाच पवित्र करा. 'तिने गाळून घेतलं' म्हणजे तिने माफ केलं, असं एकदा दोनदा संदर्भात आलं की वाचक शिकतो. शब्दार्थाची यादी मागे जोडायची वेळ आली तर समजा काहीतरी चुकलंय.

आणि जिवंत परंपरांमधून उचलताना जपून. आइसलंडमध्ये जुन्या नॉर्स (व्हायकिंगांच्या) देवांना मानणाऱ्यांची संघटना १९७३ पासून अधिकृत मान्यता असलेली आहे, ही आज जगणारी माणसं आहेत. कुठल्याही जमातीचे गुप्त ठेवलेले विधी तर नाव बदलून पण घेऊ नका. विचार घ्या, रचना घ्या, कृती स्वतःची बनवा.

सगळे सारखेच श्रद्धाळू पण नकोत. कोणीतरी कंटाळलेला हवा, कोणी फक्त आईसाठी करणारा, कोणी चूक सुरात गुणगुणणारा.

एवढं झालं की एक प्रसंग लिहून बघा, कथेत येणार नसला तरी चालेल. रात्री पंप थांबतो. फक्त अकरा सेकंद. तुमचं पात्र झोपेतून उठतं, दिवा नाही, आवाज नाही. त्याचा हात आधी कशाकडे जातो आणि तोंडातून काय निघतं ते लिहा, आणि शेजारच्या खोलीतून कोणाचं गुणगुणणं आधी ऐकू येतं ते पण.