या चुका टाळा: सिनियरचा जाच आणि ज्युनियरची कोरी फाइल

बांधाचं भांडण घेऊन पक्षकार आला की आपला पहिला प्रश्न ठरलेला: कागद काय आहेत? सातबारा, फेरफार, प्रकरण जुनं असेल तर खासरा पाहणीची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल. कागदाशिवाय आपण दाव्याला हात लावत नाही. तोच वकील सिनियरच्या ऑफिसात वर्ष-दीड वर्ष शिव्या खातो आणि शेवटी कुणाकडे दाद मागायला जातो, तेव्हा त्याच्याकडे एक तारीखसुद्धा लिहिलेली नसते. जाच होतो ही एक गोष्ट, पण त्यावर काही करता येत नाही याचं मोठं कारण ही कोरी फाइल आहे.

मराठवाड्यात यात आणखी एक अडचण आहे. उदगीर, वसमत, माजलगाव अशा ठिकाणी बार, म्हणजे वकील संघ, लहान. ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो बारमधला वजनदार माणूस, त्याचे दोन जुने ज्युनियर आता स्वतः सिनियर, आणि लग्नसराईत सगळे एकाच पंगतीला. घरात वकिलीची पहिलीच पिढी असेल तर वडील म्हणतात, "गुरू आहेत, सहन कर." हे दुखणं फक्त आपल्याकडचं आहे असं मात्र नाही. इंटरनॅशनल बार असोसिएशनने २०१९ मध्ये १३५ देशांतल्या जवळपास ७,००० जणांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. दर दोन महिलांपैकी एकीने आणि दर तीन पुरुषांपैकी एकाने दमदाटी सोसल्याचं सांगितलं, आणि निम्म्याहून जास्त प्रकरणांत तक्रारच झाली नव्हती.

"तापट आहेत, पण मनाने चांगले आहेत"

या वाक्यावर थांबणं ही पहिली चूक. कैफियतीचा (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा) मसुदा लाल शाईने भरून परत येणं, मुदतीचा दिवस चुकल्यावर खडसावलं जाणं, हे शिकणं आहे. त्याला छळ म्हणू नये, नाहीतर खऱ्या तक्रारीचं वजन जातं. पण पक्षकारासमोर "कामून रे, तारीख घ्यायला बी जमत नाही का तुला?" असं रोज ऐकवलं जात असेल, बोलणं मसुद्यावरून गावावर, जातीवर, बोलीवर किंवा मुलगी असण्यावर घसरत असेल, रात्री अकराला घरची कामं सांगितली जात असतील, तर तो स्वभाव नाही. माझी कसोटी सोपी आहे: रागावून झाल्यावर तुम्हाला कामातलं काही नवं कळलं का? महिनोन्महिने उत्तर "नाही" येत असेल तर नोंदी सुरू करा.

वकीलपत्रावर नाव नसणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक, आणि तिला कुणी चूक समजतच नाही. ज्युनियर पुकाऱ्याला उभा राहतो, तारीख घेतो, पुरसिस (न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन) लिहितो, नकलेसाठी दिवसभर हेलपाटे मारतो. वकीलपत्रावर, म्हणजे पक्षकाराने वकील नेमल्याच्या कागदावर, नाव मात्र एकट्या सिनियरचं. तीन वर्षांनी त्याने वकिली केली याचा रेकॉर्डवर पुरावा नाही.

२० मे २०२५ पासून तर हा थेट दाबाचा मुद्दा झाला आहे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. आता जेएमएफसीची (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी पदाची) तयारी करणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाचं प्रमाणपत्र लागतं, आणि "बघू, सही करायची की नाही" हे वाक्य ऑफिसात हत्यारासारखं वापरता येतं. निकाल नीट वाचला तर भीती अर्ध्यावर येते. प्रमाणपत्र त्या न्यायालयाचे प्रमुख न्यायिक अधिकारी देऊ शकतात, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेला त्याच न्यायालयातला कोणताही वकील देऊ शकतो, ज्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो. तुमचाच सिनियर हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. वर्षं मोजली जातात ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून.

म्हणून पहिल्या महिन्यापासून नव्या वकीलपत्रावर खाली आपलं नाव आणि सनद (वकिलीच्या नोंदणीचा) क्रमांक घालण्याची परवानगी मागा. विनंती साधी आहे. तिला नकार मिळाला तर त्या नकारातूनच ऑफिस कसं आहे ते कळतं. तारीख घेतलीत तर अर्जावर सही तुमची असू द्या, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नाव येतंय का ते पाहा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने प्रकरणं शोधता येतात. महिन्यातून एकदा स्वतःचं नाव टाकून बघा. यादी रिकामी आली तर दुरुस्तीला अजून वेळ आहे.

फोनमध्ये आहे म्हणजे पुरावा आहे, असं नाही

अपमानाचे मेसेज, व्हॉइस नोट, मध्यरात्रीचे कॉल, सगळ्यांचे स्क्रीनशॉट असतात. मग फोन बदलतो आणि मूळ जातं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, त्यातले भाग अ आणि ब, हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण), हे आपण पक्षकारांना समजावतो. स्वतःच्या बाबतीत ते लागू नाही असं का वाटतं कोण जाणे. मूळ संभाषण तसंच ठेवा, फॉरवर्ड करून पुसू नका. वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं ते लिहा, आणि त्याच रात्री स्वतःला ईमेल करा.

"कोण हजर होतं" हा रकाना कधीच सोडू नका. जातीवाचक बोललं गेलं असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये ते इतरांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी घडलेलं असावं लागतं. बंद चेंबरमध्ये दोघंच असताना झालेल्या बोलण्यावर प्रकरण तिथेच अडतं. बाहेर बसलेला क्लार्क किंवा पक्षकार यांनी ऐकलं का, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

एक सावधगिरी: पुरावा म्हणून पक्षकारांच्या फाइलींचे फोटो काढू नका. ते गैरवर्तन तुमच्याच अंगाशी येईल.

चुकीच्या दारात उभं राहणं

नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, तरी कामगार कार्यालयात अर्ज देणारे असतात. तिथे हाती काही लागत नाही, वेळ जातो. वकिलाच्या वर्तनाबद्दलची तक्रार अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, म्हणजे राज्यातल्या वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेकडे, जाते. त्या कलमात व्यावसायिक गैरवर्तनाबरोबर "अन्य गैरवर्तन"ही येतं. तक्रार सही आणि सत्यापनासह असावी लागते, मराठीतून चालते. समज देण्यापासून नाव पटावरून काढण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ३६ब प्रमाणे वर्षभरात निकाल न लागल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. वेगाची अपेक्षा ठेवू नका. म्हणूनच तक्रार मोघम नको.

लैंगिक छळाच्या बाबतीत गोंधळ जास्त आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकर नातं नाही, त्यामुळे बार कौन्सिलने वकिलांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या कायद्याखाली समिती नेमण्याचा प्रश्न येत नाही. वाट कलम ३५ चीच. चेंबरमधली ज्युनियर त्याच कायद्याखालच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गेली तर समोरचा हाच मुद्दा उचलणार हे धरून चाला. ऑफिसातली पगारी टायपिस्ट मात्र नोकरच आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिससाठी स्थानिक समिती आहे आणि मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची. हे तिला कुणी सांगत नाही. फौजदारी वाट दोघींनाही खुली आहे: भारतीय न्याय संहितेची कलमं ७५ आणि ७९. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, वकील असली तरी. हेल्पलाइन १५१००. झोप उडाली असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याआधी फिरवा.

न्यायाधीशांनी भर कोर्टात पाणउतारा केला तर लेखी म्हणणं बारमार्फत प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे द्या. बारच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राग काढू नका. अवमान आणि अब्रुनुकसानी दोन्ही तिथून सुरू होतात. सिनियरबद्दलही हेच. ग्रुपवरचा मजकूर त्यांच्याकडे दहा मिनिटांत पोचतो आणि पीडित तुम्ही असताना आरोपी तुम्ही होता.

तडकाफडकी निघून जाणं

भांडण झालं, पिशवी उचलली आणि निघाला, सोबत चार पक्षकारांच्या फाइली. इथे जाच करणाऱ्याला तक्रारीचा आयता मुद्दा मिळतो. दुसऱ्याचं वकीलपत्र असलेल्या प्रकरणात त्याच्या संमतीशिवाय हजर होता येत नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. संमती नाकारली तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हातातल्या फाइली, पुढच्या तारखा आणि अपुरी कामं यांची यादी करून द्या, पोच घ्या. तोंडावर पोच मिळत नसेल तर तीच यादी ईमेलने पाठवा.

नव्या ऑफिसात बसण्याआधी दोन गोष्टी विचारायला लाजू नका. वकीलपत्रावर नाव येणार का, आणि महिन्याला काय मिळणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि तालुक्याच्या बारमध्ये हा आकडा ऐकून लोक हसतात. पण हसून झाल्यावर सिनियर काय आकडा सांगतात, तो लिहून घ्या.