सड्यावरच्या खाणीत काही लावण्याआधी: नमुना जागा निवडण्याची तयारी

बॉक्साइटची खाण संपली की ‘आता झाडं लावू’ हा ठराव पाच मिनिटांत होतो. त्याआधी ही जमीन कशासारखी व्हायला हवी, हे दाखवणाऱ्या जिवंत जागा शोधाव्या लागतात. कागदोपत्री त्यांना संदर्भ परिसंस्था म्हणतात, आपण नमुना जागा म्हणू. दक्षिण कोल्हापूर आणि सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे जांभा दगडाची उघडी पठारं, डोळ्यांसमोर ठेवून ही यादी केली आहे.

सुरुवात कागदांपासून करा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे, गावनकाशा आणि खाणीआधीची उपग्रहचित्रं गोळा करा. लँडसॅटची चित्रं 1972 पासूनची आहेत आणि फुकट मिळतात. पर्यावरण आघात अहवाल असेल तर वाचा, पण त्यातली वनस्पतींची यादी कोणत्या महिन्यात केली ते आधी बघा. एप्रिलमध्ये गेलेल्या माणसाला सडा रिकामाच दिसणार. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलंय म्हणून तिथे काही नव्हतं असं धरू नका, तो शेतसाऱ्याचा हिशेब आहे. वनस्पतींचे जुने वाळवलेले नमुने कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात शोधता येतात. आणि त्या सड्यावर गुरं-मेंढरं चारलेल्या माणसांशी बोला. पाणी कुठे साचायचं, गवत कधी कापायचे, वणवा लागायचा का, हे उपग्रहाला सांगता येत नाही.

मग जागा. खडक, उंची, पाऊस आणि उतार हे चार जुळले पाहिजेत, आणि त्यात खडक पहिला. बेसाल्टवरचं पठार जांभ्याच्या सड्याला चालत नाही. सगळ्यांना आधी साताऱ्याजवळचं कास पठार आठवतं, पण ते सुमारे 1200 मीटरवर आहे. देवगड-मालवणकडच्या बुटक्या सड्यांचा संसार वेगळा. दीपकाडीचं फूल तिथलं, कासचं नव्हे. दुसरा मोह देवराईचा. देवराई सुंदर असते, पण ती खोल मातीवर, बहुधा पाण्याच्या कडेला उभी असते. सडा मुळात झाडांविनाच असतो. बोटभर माती, पावसाळ्यात दलदल, दिवाळीनंतर तवा. अशा जागी देवराई समोर ठेवून रोपं लावली तर मेलेली रोपं मोजत बसावं लागेल.

निवडलेल्या सड्यावर चालताना एकच यादी करू नका, कारण सडा एकसारखा नसतो. डबकी वेगळी, भेगा वेगळ्या, उघडा कातळ वेगळा, माती साठलेले खळगे वेगळे, कड्याची किनार वेगळी. पातळ ओल्या मातीत गेंद आणि सीतेची आसवं ही छोटी फुलझाडं येतात. सीतेची आसवं किडे खातात, कारण त्या मातीत नत्र फारसं नसतंच. म्हणून मातीची तपासणी करून घ्या आणि ‘सुपीकता कमी’ असा शेरा आला तर तो दोष समजू नका. तलावाचा गाळ आणि शेणखत ओतलं की तण माजतं, सड्याची फुलं येत नाहीत. फेऱ्या पहिल्या पावसात, श्रावणात, सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि भर उन्हाळ्यात हव्यात; दीपकाडी पहिल्या सरींबरोबर फुलते, गणपतीत जाल तर हुकेल.

एकाच जागेवर विसंबू नये, माझ्या मते तीनपेक्षा कमी नकोतच. प्रत्येक ठिकाणी रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली तणं किती शिरली आहेत ते नोंदवा. थोडी चराई चालेल; ती बहुतेक सड्यांच्या इतिहासाचाच भाग आहे.

आता अवघड भाग. बॉक्साइट काढताना वरचं कडक कवच फुटतं, आणि ते बनायला लाखो वर्षं लागलेली असतात. त्यामुळे खड्ड्याच्या तळाला मूळ सडा हा नमुना लावणं बहुतेक वेळा खोटं ठरतं. त्याच्यासाठी दुसरी नमुना जागा शोधा: जांभ्याच्या खडीचा नैसर्गिक उतार, किंवा जुनी सोडून दिलेली चिरेखाण (जांभ्याचे चिरे कापायची खाण), जिथे स्थानिक गवत आपसूक परतलंय. खाणीबाहेर राहिलेल्या किनारीला मात्र मूळ सडाच नमुना. एका खाणीला दोन-तीन नमुने लागले तर लागू द्या.

गोव्याच्या लोहखनिजाच्या डंपांवर, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगांवर, वर्षानुवर्षं ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती जगते, हिरवी दिसते, पण तिथल्या किंदळ-ऐन-नाण्याच्या रानाशी तिचं नातं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये खाणपट्टेधारकांनी खाणीच्या जागी पुन्हा गवत रुजवावं, अशी अट घालायला सांगितलं. कोणतं गवत, हे नमुना जागेवरूनच ठरवावं लागेल. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1963 पासून बॉक्साइट निघतं. तिथेही 1988 पर्यंत बाहेरचे निलगिरी लावत, नंतर तिथल्याच जारा आणि मारी झाडांकडे वळले.

शेवटी टिपणं एका जागी आणा: प्रत्येक नमुन्यातल्या जाती, उघड्या खडकाचं प्रमाण, मातीची खोली, पाणी किती आठवडे टिकतं, परागण करणारे कीटक, आणि ठरावीक दगडावरून दरवर्षी काढायचा फोटो. नमुना जागा कुणाच्या नावावर आहे, तिथे चिरेखाणीसाठी कुणी अर्ज केलाय का, हे फेऱ्या सुरू करण्याआधीच तलाठ्याकडे विचारून घ्या.