सेकंडहँड ऑटोमॅटिक पिकअप घेताय? गिअरबॉक्स आधी थंडा बघा, मग तापवून बघा

आमच्या मावसभावाचा डोंबिवलीत मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. वीस वर्षं टेम्पो चालवून डावा गुडघा गेला, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून रात्री पाय सुजतो, त्यामुळे त्याला ऑटोमॅटिकच पाहिजे होती आणि नवी घ्यायचं बजेट नव्हतं. मग तीन रविवार आम्ही ठाण्यापासून पनवेलपर्यंत फिरलो, पाच गाड्या बघितल्या, चार सोडल्या. त्या का सोडल्या आणि पाचवी कशी तपासली ते लिहितोय, कुणाच्या तरी कामाला येईल.

आधी चॉइस किती आहे ते बघा. आपल्याकडे ऑटोमॅटिक पिकअप म्हटलं की बाजारात दोनच नावं फिरतात, इसुझुची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. बोलेरो पिकअप, झेनॉन, स्कॉर्पिओ गेटअवे ही सगळी मॅन्युअल मंडळी. व्ही-क्रॉस इथे २०१६ ला आली तेव्हा २.५ लिटर डिझेल आणि मॅन्युअल एवढंच होतं, ऑटोमॅटिक आली २०१९ ला १.९ लिटर इंजिनबरोबर, ६ गिअरची. म्हणजे कुणी २०१७ ची व्ही-क्रॉस "ऑटोमॅटिक आहे साहेब" म्हणून दाखवली तर गाडीच्या आधी आरसी बघा. हायलक्स २०२२ ची, २.८ लिटर, तीही ६ गिअर. तिच्यात एक गंमत अशी की मॅन्युअलला टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ४२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकला ५००. इंजिन फॉर्च्युनरचंच असल्यामुळे तिला हात लावलेले मेकॅनिक मुंबईत कुठेही सापडतात, आणि माझ्या मते सेकंडहँड घेताना ही गोष्ट सनरूफ-टचस्क्रीनपेक्षा दहापट महत्त्वाची.

आता आत काय असतं ते दोन मिनिटांत. छोट्या गाड्यांमध्ये जी एएमटी असते तो मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. पिकअपमध्ये तसं नाही, इथे टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे ऑइलमधून जाते. आत ऑइलमध्ये भिजलेल्या क्लच प्लेट्सचे गठ्ठे असतात, त्यांना ऑइलचं प्रेशर दाबतं, कुठल्या गठ्ठ्याला कधी दाबायचं ते व्हॉल्व्ह बॉडी आणि सोलेनॉइड ठरवतात, आणि सगळ्यांना थंड ठेवायचं कामही ऑइलचंच. म्हणून ऑइल गेलं की सगळं गेलं. थंड असताना ऑइल जाड असतं, तापल्यावर पातळ होतं. सील कडक झाले असतील किंवा कन्व्हर्टरमधलं ऑइल रात्रीतून उतरत असेल तर त्रास सकाळी थंड्या गाडीत दिसतो, आणि आतून गळून प्रेशर कमी पडत असेल तर तो त्रास गाडी चांगली तापल्यावरच दिसतो. विकणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं, त्यामुळे तो तुम्हाला मधली वेळ देतो, गरम केलेली गाडी आणि दहा मिनिटांची चक्कर.

म्हणून पहिलं काम वेळ ठरवायचं. फोनवर स्पष्ट सांगायचं, सकाळी सातला येतो, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. आम्ही दुसरी गाडी बघायला गेलो तर बॉनेटवर पोळी भाजली असती, वर म्हणे "आत्ताच धुऊन आणली". हात लावला आणि मागे फिरलो. एकदा परत बोलवायचं, दुसऱ्यांदाही गाडी गरम मिळाली तर नमस्कार.

गाडी थंडी मिळाली की आधी खाली बसून बघा, गिअरबॉक्सच्या खाली फरशीवर लालसर थेंब आहेत का. मग चावी फिरवून इंजिन चालू न करता डॅशबोर्ड बघा, चेक इंजिनचा दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात पेटतच नसेल तर कुणीतरी बंद करून ठेवलाय. घड्याळ आणि ट्रिप मीटर पण बघा, दोन्ही शून्यावरून सुरू झाल्यासारखे असतील तर नुकतीच बॅटरी काढली असेल, त्याने कॉम्प्युटरच्या मेमरीतलं बरंच काही पुसलं जातं.

इंजिन चालू करून एखादं मिनिट थांबा, आरपीएम खाली येऊ द्या. ब्रेक घट्ट दाबून पी (पार्किंग) वरून आर (रिव्हर्स) मध्ये टाका आणि मनात एक-दोन मोजा. साधारण एका सेकंदात गाडीने गिअर घेतल्याचं अंगाला कळलं पाहिजे. दोनच्या पुढे मोजावं लागलं तर प्रेशरचं दुखणं आहे. मग एन (न्यूट्रल), मग डी (ड्राइव्ह), परत आर. हलका धक्का चालतो, मागून कुणी लाथ घातल्यासारखा झटका चालत नाही. पण झटका बसला म्हणून लगेच गिअरबॉक्सला शिव्या घालू नका, गिअरबॉक्सचं माउंटिंग (तो बसतो तो रबरी टेकू) फाटलं असेल किंवा मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, जॉइंट ढिला असेल तरी असाच आवाज येतो आणि ते काम स्वस्तातलं आहे. खाली घुसून शाफ्ट हाताने हलवून बघणारा मेकॅनिक बरोबर असला की हा प्रश्न तिथेच सुटतो.

आता चालवा, पण रेस मारू नका. अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटर ठेवून गिअर एकेक करून कसे पडतात ते बघायचं. आरपीएमचा काटा अचानक वर पळाला आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहिला तर प्लेट्स स्लिप होतायत. मॅन्युअल मोडमध्ये टाकून सहाही गिअर मोजून घ्या. एकाच गिअरमध्ये अडकून गाडी मरगळल्यासारखी चालत असेल तर कॉम्प्युटरने स्वतःला वाचवायला गिअर लॉक केलाय. तिथे टेस्ट संपली, चावी परत.

सकाळचं झालं की आता गाडी तापवायची, आणि त्यासाठी मुंबईएवढी चांगली जागा जगात नाही. एसी फुल करून शीळफाट्याच्या किंवा सायन-पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये किमान पाऊण तास घाला. रांगत चालताना कन्व्हर्टर सतत घसरत असतो आणि ऑइल तिथेच सगळ्यात जास्त तापतं. डीलर कुरकुर करेल, डिझेलचे पैसे तुम्ही द्या म्हणजे गप्प बसेल. मग कडेला घेऊन तीच आर-एन-डीची परीक्षा परत. सकाळी गुळगुळीत आणि आता उशिरा गिअर घेतेय, असं झालं तर समजायचं की दुखणं आतलं आहे. आमची चौथी गाडी इथेच पकडली गेली, सकाळी अगदी लोण्यासारखी आणि कळंबोलीला पोचेपर्यंत रिव्हर्समध्ये टाकलं की ती नुसती विचार करत उभी.

गाडी तापलेली असतानाच एखाद्या चढावर न्या. घोडबंदरचा गायमुख घाट चालेल, नाहीतर कुठल्याही फ्लायओव्हरचा चढ. थांबवून परत उचला, मागे किती सरकते आणि उचलताना थरथरते का ते बघा. सपाटीवर आल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० ते ८० च्या स्पीडला पाय एकदम हलका आणि स्थिर ठेवा. इस्टर्न फ्रीवे पहाटे मोकळा असतो, १६.८ किमी आहे, पुरतो. त्या स्पीडला कन्व्हर्टर आतून लॉक होतो. तो खराब असेल तर दोन-तीन सेकंद रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखं थरथरतं आणि काटा किंचित नाचतो. विकणारा म्हणेल "व्हील बॅलन्सिंग आहे". ॲक्सिलरेटर जरासा दाबून किंवा सोडून बघा, थरथर त्या क्षणी गेली तर बॅलन्सिंग नाही, कारण चाकांना तुमच्या पायाशी काही देणंघेणं नसतं. कधी कधी हे नुसतं ऑइल बदलून सुटतं, पण त्या आशेवर पूर्ण पैसे मोजू नका.

ऑइल बघायचं तर आजच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते, गाडी लिफ्टवर घेऊन ठरावीक टेम्परेचरला खालचा बोल्ट उघडून लेव्हल बघावी लागते, म्हणजे गॅरेजशिवाय गत्यंतर नाही. चार थेंब पांढऱ्या टिश्यूवर घ्या. नवीन ऑइल सहसा लाल असतं, वापरलेलं तपकिरीकडे झुकतं आणि ते ठीक आहे. काळं आणि जळका वास मारणारं असेल, किंवा बोटांत घासल्यावर कचकच लागत असेल, तर नको. आणि दुधात रूह अफजा घातल्यासारखं गुलाबी-गढूळ दिसलं तर ताबडतोब निघा, आत पाणी गेलंय. रेडिएटरमधला कूलर फुटला तरी जातं, आणि पुरात गाडी उभी राहिली तरी गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या नळीतून, जातं. प्लेट्सवरचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं, पाण्याने ते सुटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता, एवढा दरवर्षी पडत नाही, पण हिंदमाता आणि अंधेरी सबवे पावसाळ्यात पाणी तुंबवून आपली हजेरी लावतातच. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघा, सीटखालच्या रुळांना गंज बघा.

ऑइल लालभडक दिसलं म्हणूनही हुरळून जायचं नाही. बिल मागा, तारीख आणि किलोमीटर बघा. परवाच बदललं असेल तर का बदललं, हा प्रश्न सरळ विचारा. काही कंपन्या "लाइफटाइम ऑइल" म्हणतात, त्यावर आमचा मेकॅनिक म्हणतो लाइफ कुणाची, गाडीची की वॉरंटीची.

मेकॅनिककडे ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, असेल तर लावाच. पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर तक्रार करतोय, पी०७३० म्हणजे गिअरचं गणित जुळत नाहीये, पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉक नीट बसत नाहीये. पण कोड नसणं हा काही पुरावा नाही, तो पुसता येतो. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चाललेत हा आकडाही बऱ्याच स्कॅनरवर दिसतो. तिथे ७ किमी दिसले तर बाकी काही बोलायची गरज नाही.

आधीच्या मालकाला एवढंच विचारा की गाडीने काय वाहिलं, ट्रेलर ओढला का, आणि कधी बंद पडून दोरी लावून ओढत नेली का. ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद असताना मागची चाकं रस्त्यावर फिरवत लांब ओढली तर आतलं सगळं कोरडं फिरतं. उत्तरावर विश्वास नसेल तर मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बघा, बसलेले पाटे ओव्हरलोडची कुंडलीच सांगतात. फोर बाय फोर असेल तर मैदानात नेऊन टू-एच (दोन चाकं), फोर-एच (चारही चाकं), फोर-एल (चारही चाकं, जास्त जोर पण कमी वेग) तिन्ही लागतात का बघा, डांबरावर हा प्रयोग करू नका.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर प्रायव्हेट आहे की गुड्स कॅरिअर ते बघा, फिटनेस आणि टॅक्स त्यावर ठरतात. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. गिअरबॉक्स ओव्हरहॉलचं कोटेशन मात्र बोलणी सुरू व्हायच्या आधीच एखाद्या ऑटोमॅटिकवाल्या मेकॅनिककडून लिहून घ्या, भाव पाडताना तो कागद तोंडापेक्षा जास्त बोलतो.

मावसभावाने शेवटी पाचवी घेतली. व्ही-क्रॉस, एका मालकाची, थंडी-गरम दोन्ही परीक्षा पास, फक्त माउंटिंग गेलेलं, त्याचे पैसे कापून घेतले आणि पहिल्याच आठवड्यात ऑइल-फिल्टर बदलून टाकला. अडचण एकच आली आणि ती तुम्हालाही टेस्ट ड्राइव्हलाच येईल, म्हणून आधीच सांगतो. डाव्या पायाला क्लचची सवय असते, सिग्नल आला की तो आपोआप पुढे जातो आणि ब्रेकवर आदळतो. पहिल्या दिवशी त्याने मला तीनदा काचेपर्यंत पोचवलं. डावा पाय सीटखाली दुमडून ठेवा आणि शेजारच्याला बेल्ट लावायला सांगा.