हॉटेल मॅनेजमेंटला आहात? मग या चुका टाळा

नागपुरात वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात मी ट्रेनिंगचं काम बघतो. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी विचारतो, "कोणत्या डिपार्टमेंटला जायचं नाही?" उत्तर दरवर्षी तेच येतं. हाउसकीपिंग.

"मले तर शेफ व्हायचं आहे सर"

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मीच पूर्ण करतो, "...मंग संडास काहून धुऊ?" पोरं हसतात, पण मनात तेच असतं.

इंडस्ट्रियल ट्रेनिंगमध्ये, म्हणजे कोर्समधल्या हॉटेलातल्या प्रत्यक्ष कामात, फ्रंट ऑफिस (रिसेप्शन), हाउसकीपिंग (खोल्यांची साफसफाई), फूड प्रॉडक्शन (किचन) आणि एफ अँड बी सर्व्हिस (खाणंपिणं वाढणं), चारही करायचे असतात. आमचे हुशार लोक काय करतात? हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला पटवतात, किचनमध्ये जाऊन कांदे चिरतात आणि लॉगबुक, म्हणजे रोजच्या कामाची नोंदवही, शेवटच्या रात्री मित्राच्या वहीवरून उतरवतात. सगळे महिने एकाच पेनाने, एकाच बैठकीत. कळत नाही असं वाटतं का रे तुम्हाला?

काही वर्षांपूर्वीचा डिसेंबर. १९५३ च्या नागपूर करारानंतर विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरायला लागलं, आणि हिवाळी अधिवेशनात शहरातल्या हॉटेलांची काय गत होते ते नागपूरकराला सांगायला नको. आमचीही एकूणएक खोली गेलेली, त्यात दोन रूम अटेंडंट तापाने घरी. किचनमध्ये एक ट्रेनी होता. चलाख, सुरी चालवण्यात तर एक नंबर. त्याला मी मदतीला वरच्या मजल्यावर पाठवलं. हाउसकीपिंगचे आठवडे त्याने आधीच पूर्ण केलेले, लॉगबुकात तसं लिहिलं होतं.

साफसफाईच्या ट्रॉलीवर आर-१ ते आर-६ अशा क्लीनरच्या बाटल्या असतात. आर-१ बाथरूमला, आर-२ फरशीसारख्या कडक पृष्ठभागांना, आर-३ काचेला, आर-४ फर्निचरला, आर-५ खोलीतल्या वासाला. आर-६ फक्त कमोडला, तेही आतून, कारण त्यात आम्ल असतं. भाऊला बेसिनशेजारच्या संगमरवरावर चहाचा जुना डाग दिसला. सगळ्यात जोरदार बाटली म्हणून त्याने आर-६ ओतलं आणि 'मुरू द्या' म्हणून बेडशीट बदलायला गेला. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खातं. तो परत आला तेव्हा डाग गेला होता आणि पॉलिशही. ताटाएवढा पांढरट, खरखरीत चट्टा पडला होता.

खोली आउट ऑफ ऑर्डर झाली, म्हणजे पाहुण्याला देण्यासारखी उरली नाही. रात्री साडेनऊला पाहुणे आले, त्यांना दुसऱ्या हॉटेलात सोडावं लागलं. गाडी आमची, भाड्यातला फरक आमचा, शिव्या अर्थातच मला. दुसऱ्या दिवशी जनरल मॅनेजरने त्या मुलाचं लॉगबुक मागवलं. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'आर-१ ते आर-६ यांचा वापर व घ्यायची काळजी शिकलो.' खाली सही. सही माझी होती.

तेव्हापासून सही करण्याआधी मी मुलाला ट्रॉलीपाशी नेतो आणि कोणती बाटली कुठे *नाही* वापरायची ते विचारतो. कुठे वापरायची हे सगळ्यांनाच पाठ असतं. आणि लॉगबुकाची माझी जुनी सवय सांगतो. शिफ्ट संपली की कपडे बदलायच्या आधी, लॉकर रूमच्या बाकावरच चार ओळी खरडायच्या. आज काय चुकलं ते आधी, काय शिकलो ते मागून. रूमवर जाऊन लिहीन म्हणणारा झोपतो. मीही झोपायचो.

शेफ व्हायचंय ना? एका शिफ्टमध्ये १४-१५ खोल्या ठरलेल्या क्रमाने, न विसरता उरकणारा रूम अटेंडंट बघा. शुक्रवारी रात्री ऑर्डरी धडाधड पडू लागल्या की किचनमध्ये हीच शिस्त लागते.

पाच मदर सॉस पाठ, हिशोब शून्य

बेशामेल, व्हेलूते, एस्पान्योल, टोमॅटो, हॉलंडेज. बाकीचे सॉस ज्यांपासून बनतात ते हे पाच, पोरं पाढ्यासारखे म्हणतात. मग मी विचारतो, एका प्लेटच्या कच्च्या मालाला १२० रुपये लागले आणि मेन्यूत ती ४०० ला आहे, तर फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा, किती टक्के? शांतता. कुणीतरी मोबाइल काढतं. अरे, ३० टक्के! फ्रंट ऑफिसवाल्यांचीही तीच तऱ्हा. १०० खोल्यांपैकी ६० खोल्या सरासरी ५,००० ला गेल्या, तर प्रत्येक उपलब्ध खोलीमागे उत्पन्न ३,००० रुपये. यालाच रेव्हपार म्हणतात. शब्द सगळ्यांना येतो, आकडा काढता येत नाही. हिशोबाची सवय घरापासून लावा, भाजी आणता तेव्हा कांदा सोलण्याआधी आणि सोलल्यावर तोलून बघा, सालात किती जातं ते कळेल. आई हसेल, हसू द्या.

इंडेंट (स्टोअरकडची मागणीची चिठ्ठी) अंदाजे लिहिणं

ही चूक मी स्वतः केलीय, मुंबईत ट्रेनी असताना. शेफने गार्निशला कोथिंबीर मागवायला सांगितली, मी सवयीने इंडेंटवर लिहिलं 'सांबार, २ किलो'. स्टोअरमधून दोन किलो सांबार मसाल्याची पाकिटं आली. आपल्या विदर्भाकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्या माणसाला कळायचं कारणच नव्हतं. वस्तूचं नाव समोरच्याला समजेल असं लिहा, वजन की जुडी तेही लिहा.

आणि याच्या उलटंही होतं. पास्त्याचे चार प्रकार सांगणाऱ्या नागपूरच्या पोराला सावजी रस्सा, गोळा भात किंवा सांबारवडी कशी करतात विचारलं की तो छताकडे बघतो. बाहेरगावचा पाहुणा इथे येऊन तुमच्याकडून पास्त्याची माहिती घेणार आहे का?

बाकीच्या, पटापट

कॉलेजची काचेची लॉबी बघून ॲडमिशन घेऊ नका. पदवी कोणाची ते विचारा. हॉटेल मॅनेजमेंटच्या नॅशनल कौन्सिलच्या संस्थांमधली बी.एस्सी. तीन वर्षांची, बीएचएमसीटी ही दुसरी पदवी चार वर्षांची. आणि प्रॅक्टिकलला एका शेगडीवर किती जण उभे राहतात, ते स्वतः जाऊन मोजा.

पेंच-ताडोबाकडच्या रिसॉर्टमध्ये ट्रेनिंग घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण जुलै ते सप्टेंबर नको. पावसाळ्यात कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागातली, सफारी बंद असते, पाहुणे नसतात, तुम्ही कॅरम शिकून याल.

गरम ग्रेव्हीचा भरलेला गंज (मोठं पातेलं) तसाच वॉक-इनमध्ये, म्हणजे आत शिरता येईल अशा मोठ्या फ्रीजमध्ये, ढकलू नका. वरून गार वाटतो, मधोमध रात्रभर कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंशांमध्ये जंतू वाढतात. उथळ ट्रेमध्ये काढा, खाली बर्फ ठेवा. मे महिन्यात तर दुप्पट बर्फ.

तीन वर्षांत मॅनेजर कसं व्हायचं, हे मला विचारू नका.

इंग्रजी अडखळलं तरी चालतं. पाहुण्याशी बोलताना मोबाइलकडे बघणं चालत नाही.

आणि बर्डीच्या बाजारातून ते चकचकीत, टोकदार शूज घेऊ नका. फोटोत शोभतात, पण तेलकट फरशीवर गरम स्टॉकपॉट घेऊन घसरलेला मुलगा मी पाहिलाय. काळे, पुढून बंद, जाड रबरी तळव्याचे घ्या. मोज्यांच्या दोन जोड्या जास्तीच्या लॉकरमध्ये ठेवा, ब्रेक शिफ्टच्या, म्हणजे मधे सुट्टी देऊन दोन तुकड्यांत करायच्या ड्यूटीच्या, संध्याकाळी कामी येतात.