भुईमुगाच्या शेंगा ढेकणापासून कशा वाचवाव्यात

शेंग वरून ठणठणीत, फोडली की आत सुरकुतलेला, खवट दाणा. बियाण्याला शिव्या देऊ नका. हा ढेकणाचा उद्योग; खाटेतला नव्हे, शेतातला. एलास्मोलोमस प्रजातीतला, गडद तपकिरी, जेमतेम 10 मिलिमीटर लांबीचा हा किडा. जुन्या पुस्तकांत तो अफॅनस सॉर्डिडस नावाने सापडेल. वावर जमिनीलगत. टरफलातून सोंड घालून दाणा शोषतो. टोचल्याची खूण सहज दिसत नाही, म्हणून शेंगा चाळून काही कळत नाही. फोडूनच बघावे लागते.

उपटणी: टरफल आतून काळपट झाले की उपटा.

ढीग: सगळे इथेच बिघडते. वेल उपटायचे, बांधाला ढीग घालायचा आणि मजूर मिळाले की तोडणी, ही आमच्याकडची रीत. मीही एकदा आठवडाभर ढीग तसाच ठेवला. उचलला तेव्हा खालची जमीन वळवळत होती. लालभडक पोटाची पिल्ले, मोठे ढेकूण, सगळे उजेड पडताच भेगांत पसार. त्या शेंगांचे तेल काढले, तेही खवट.

"ढिगावर पावडर मारा" म्हणणारे दरवर्षी भेटतात. खायच्या शेंगांवर विष कशाला? शिवाय पावडर वर पडते, ढेकूण खाली.

ढीग घालूच नका. वेल उलटे पसरा, पाला खाली, शेंगा वर उन्हाला; मातीला टेकू देऊ नका. दोन-तीन दिवसांत तोडणी उरका. त्यासाठी तोडणीचे मजूर आधी ठरवा, मग उपटणीला हात घाला. माझ्या शेतात हा क्रम आता कुणासाठी मोडत नाही.

वाळवण: ताडपत्रीवर पातळ थर, दिवसातून दोनदा हलवायचा. ताडपत्रीच्या घड्या उचलून बघा, तिथे दडलेले सापडतील. बियाण्याच्या शेंगा मात्र सावलीतच वाळवा. मे महिन्याच्या उन्हात उगवण जाते. शेंग हलवल्यावर खुळखुळली आणि दाण्याची साल चोळून सुटली, की झाले. मोजायचे यंत्र असेल तर ओलावा 8-9 टक्क्यांपेक्षा जास्त नको.

साठवण: पोती झटकून, उन्हात तापवून घ्या. शेंगांबरोबर माती, वेलाचे तुकडे जाऊ देऊ नका, त्यातून अंडी घरात येतात. पंधरा दिवसांनी पोत्याच्या तळातून मूठभर शेंगा काढून फोडा. वरच्या नकोत, तळातल्याच.